रेघ नसलेला शब्द

जीवन खिल्लारे काविळीने गेला तेव्हा त्याची बायको पंचशीला एकतीस वर्षांची होती. चौऱ्याण्णव सालचा जानेवारी. तो अकरा दिवस दवाखान्यात होता. पहिले सात दिवस बोलत होता, पेपर मागून घेऊन उताणा पडून वाचत होता. मग बोलणं थांबलं, आणि चार दिवसांनी सगळंच.

मीरा रोडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये आता तिघी राहिल्या. पंचशीला, तिसरीत शिकणारी तेजश्री आणि जीवनची आई केसरबाई.

पंचशीला रडली नाही. पुण्यानुमोदनाला परभणीहून बायका आल्या, तिच्या गळ्यात पडून रडल्या. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू त्यांच्याच घरचं कुणी गेलं होतं. कुणी पानावर बसवलं की जेवायची, कुणी झोप म्हणालं की आडवी व्हायची. "रड गं बाई, मोकळी हो," असं जाऊ म्हणाली तेव्हा तिने मान हलवली आणि भांडी घासायला उठली. महिन्याभराने ती पुन्हा ऑफिसला जायला लागली.

ऑफिस भाईंदर पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात होतं. खाली औषधाच्या बाटल्यांची झाकणं तयार करणारी मशीनं, वर लाकडी माळ्यावर चार टेबलं. ऑफिस सांभाळायची हंसाबेन. ती मालकांची चुलत बहीण, पन्नाशीची, हिशोबाला पक्की, स्वभावाने घाईची. पत्रं ती इंग्रजीत खरडायची आणि पंचशीला ती टाइप करायची. हंसाबेनच्या इंग्रजीला धरबंध नव्हता. ती 'डिस्कस अबाउट' लिहायची, 'रिव्हर्ट बॅक' लिहायची, मालकांचा उल्लेख 'माय कझिन ब्रदर' असा करायची. 'हरवू नका' असं लिहायचं असेल तिथे एक ओ जास्त टाकून 'सैल करू नका' करून ठेवायची. पंचशीला काही न बोलता सगळं सुधारून टाइप करायची. सहा वर्षांत हंसाबेनला याचा पत्ता नव्हता, किंवा असला तरी तिने कधी दाखवला नव्हता.

हे पंचशीलाला आलं ते जीवनमुळे. परभणीला टायपिंगच्या क्लासमध्ये दोघं शेजारच्या मशीनवर बसायची. त्याला सारखे दिसणारे, सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द गोळा करायचा नाद होता. कागद-पेन्सिलीची स्टेशनरी ई घालून, जागचं न हलणारी स्टेशनरी ए घालून. शाळेचा प्रिन्सिपल वेगळा आणि माणसाचं प्रिन्सिपल वेगळं. लग्नानंतरही जेवताना तो मध्येच विचारायचा, "सल्ला दिला, तर सी का एस?" तिने बरोबर सांगितलं की आपल्या ताटातला कांदा तिच्या ताटात ठेवायचा. केसरबाई वैतागायच्या. "आरं, घास गिळस्तोर तरी मराठीत बोला की."

परत कामावर आल्यावर पंचशीलाच्या हातून चुका व्हायला लागल्या. एकदा वापीच्या पार्टीचं पत्र नाशिकच्या पाकिटात गेलं. एकदा कार्बन उलटा लागला आणि पाच प्रती वाया गेल्या. हंसाबेन काही बोलली नाही. तिने फक्त पंधरा दिवसांनी एक मुलगी आणून बसवली. "ही दिशा. तुझ्या मदतीला."

दिशा वीस वर्षांची, भाईंदर पश्चिमेच्या मोरवा गावातली. वडील कमळाकर मासेमारीला जायचे. घरात नोकरी करणारी ती पहिलीच. टायपिंगची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा नुकतीच पास झालेली. पंचशीलाने तिला फायली दाखवल्या, पत्रांचे नमुने दाखवले, आणि आपण हे कुणाला का शिकवतोय याचा विचार केला नाही. विचार करायला जे काही लागतं ते त्या दिवसांत तिच्याजवळ नव्हतं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी ऑफिसचा शिपाई नाथा तिच्या टेबलाशी आला. "बाई, बेननी दिलीय," म्हणत त्याने एक चिठ्ठी ठेवली आणि काखेतला कागदांचा गठ्ठा सावरत खाली गेला.

चिठ्ठी इंग्रजीत होती, दीड ओळीची. हंसाबेनचं अक्षर, खाली तिचा एच. पंचशीलाने ती वाचली. राजीनामा दे आणि सोमवारपर्यंत माझ्याकडे पाठव.

तिने पुन्हा वाचली. मग घडी करून पर्समध्ये ठेवली आणि समोरचं अर्धवट पत्र पुरं केलं. समोर दिशा मान खाली घालून एक एक अक्षर शोधत टाइप करत होती. म्हणजे यासाठी हिला आणलं, एवढंच पंचशीलाच्या मनात आलं. राग आला नाही.

हंसाबेनची केबिन बारा पावलांवर होती. उठून विचारता आलं असतं. पण पंचशीलाचे वडील कोंडिराम जन्मभर दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत शिपाई होते, आणि त्यांनी मुलीला एक गोष्ट शिकवली होती. कुणी जा म्हणालं तर त्याला दुसऱ्यांदा म्हणायची वेळ आणायची नाही. का, म्हणून विचारायचं नाही. कारण ऐकलं की ते आपल्याजवळ राहतं, घरी येतं. त्यापेक्षा चपला घालून निघावं.

शनिवारी दुपारी सगळे जेवायला बसले असताना तिने राजीनामा टाइप केला. सहा ओळी. घरगुती अडचणींमुळे काम पुढे चालू ठेवणं शक्य नाही, आजवर दिलेल्या सहकार्याबद्दल आभार. एकही चूक नव्हती. स्पेलिंग तपासायला ती डिक्शनरीही उघडत नसे, त्या दिवशी मात्र उघडली.

सोमवारी तिने कागद हंसाबेनच्या टेबलावर ठेवला. हंसाबेनने तो वाचला. चष्मा काढला. परत लावून परत वाचला.

"तू बराबर विचार केला ने?" तिने विचारलं.

"हो."

"घरी सासूबाईंना माहीत आहे?"

"सांगीन."

हंसाबेन काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंही. मग पंचशीलाच्या कुंकू नसलेल्या कपाळाकडे बघून गप्प झाली. "ठीक छे," ती म्हणाली. "जशी तुझी मरजी. महिनाअखेरपर्यंत थांब, दिशाला सगळं समजाव."

पंचशीला महिनाअखेरपर्यंत थांबली. शेवटच्या दिवशी ऑफिसने तिला स्टीलच्या तीन डब्यांचा सेट दिला. हंसाबेनने तेजश्रीसाठी फ्रॉकचं कापड दिलं. दिशाला रडू आलं. "ताई, माझ्याच्याने न्हाय होणार हो," ती म्हणाली. एरवी ऑफिसात नीट मराठी बोलायची, तेव्हा घरची बोली आली. "होईल," पंचशीला म्हणाली आणि डबे घेऊन निघाली.

घरी केसरबाई लसूण सोलत बसल्या होत्या. डबे बघून त्यांनी विचारलं, "हे काय आणलंस?"

"नोकरी सुटली."

"सुटली का काढलं?"

"काढलं."

"का बरं?"

"माहीत नाही."

केसरबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "म्हंजी? इचारलं न्हाईस?"

"नाही."

"तोंड हाय का न्हाई तुला?" केसरबाई ओरडल्या. "आगं, सहा वर्सं राबलीस. का काढता, येवढं तरी इचारावं का न्हाई मान्सानं?" पंचशीला डबे फळीवर लावत होती. मोठ्यात तांदूळ ठेवावे की डाळ, याचा तिने थोडा वेळ विचार केला. मागून केसरबाई रडत असल्याचं तिला ऐकू आलं. नोकरीसाठी की पोरासाठी, ते कळलं नाही.

मे महिना असाच गेला. जीवनच्या ऑफिसातून थोडं येत होतं, त्यात भागत होतं. पंचशीला सकाळी उठून सगळं आवरायची आणि मग खिडकीशी बसायची. समोर नवी बिल्डिंग होत होती. बांबूंच्या परांचीवर उभे राहून माणसं गिलावा करायची. ती बघत बसायची. संध्याकाळी विचारलं असतं की किती मजले झाले, तर तिला सांगता आलं नसतं.

जूनमधल्या एका रविवारी दार वाजलं. नाथा उभा होता. घामाघूम, हातात खाकी पाकीट. तो तिच्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठा, तरी तिला बाई म्हणायचा.

"बाई, चूक झाली माझ्याकडून," तो आत येऊन बसायच्या आधीच म्हणाला. "विम्याचे कागद काढायला घेतले काल, तर गठ्ठ्यात हा तुमचा निघाला. त्या चिठ्ठीला टाचणी मारून द्यायचा होता. टाचणी निघाली असणार. चिठ्ठी दिली आन् कागद माझ्याकडंच राहिला. बेनला अजून सांगितलं नाही मी."

पंचशीलाने पाकीट उघडलं. तो कंपनीच्या विम्याचा फॉर्म होता. जीवन गेल्यावर वारसाचं नाव बदलायचं म्हणून मार्चमध्ये तिने भरून दिलेला. जीवनच्या जागी तेजश्रीचं नाव होतं. खाली सहीच्या जागी तिने नेहमीची इंग्रजी सही केलीच नव्हती. नुसतं 'पंचशीला' लिहिलं होतं, मराठीत, शाळेच्या वहीवर घालावं तसं. हे आपण केव्हा लिहिलं ते तिला आठवेना. त्या नावाशेजारी पेन्सिलीने एक फुली होती. हंसाबेनची.

ती उभीच राहिली. मग आत जाऊन पर्सच्या कप्प्यातून ती चिठ्ठी काढली आणि फॉर्मवर ठेवली.

आर, ई, एस, आय, जी, एन. ई आणि एस यांच्या मध्ये छोटी आडवी रेघ दिली असती तर, पुन्हा सही कर. रेघ नाही दिली तर, राजीनामा दे. हंसाबेनने जन्मात कधी अशी रेघ दिली नव्हती. 'पुन्हा पाठवा', 'पुन्हा मोजा', सगळं ती एका दमात जोडून लिहायची आणि पंचशीला सगळं तोडून टाइप करायची. सहा वर्षांत तिने हंसाबेनचा एकही शब्द जसाच्या तसा खरा मानला नव्हता. हा एकच मानला.

"काही गडबड झाली का बाई?" नाथाने विचारलं.

"नाही. बसा, चहा टाकते."

तिने चहा केला. नाथाने बशीत ओतून घेतला. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं, ते तो सांगत राहिला. तिने मुलगा काय करतो विचारलं, गाव कोणतं विचारलं. तो गेल्यावर कप धुतले. रात्री तेजश्री झोपल्यावर केसरबाईंना तिने सगळं सांगितलं, अक्षरं बोटाने चादरीवर काढून दाखवली. केसरबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी दोन्ही वेळा नीट बघितलं.

"येवढ्यानं?" त्या म्हणाल्या.

"एवढ्यानं."

"त्यो असता तर हसला असता गं," केसरबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

चार दिवसांनी पंचशीला भाईंदरला गेली. माळ्याची शिडी चढताना खालच्या मशीनवरच्या बायकांनी हात केले. वर तिच्या खुर्चीवर दिशा होती. आता ती अक्षरं शोधत नव्हती. "ताई!" म्हणून उठली, पाणी आणायला धावली.

पंचशीलाने हंसाबेनपुढे चिठ्ठी आणि फॉर्म ठेवले, आणि मध्ये कुठे रेघ असते ते बोटाने दाखवलं. हंसाबेनला कळायला वेळ लागला.

"हाय राम," ती म्हणाली. "म्हणजे तुला वाटलं मी काढलं?"

"हो."

"आणि मला वाटलं तू गावी चालली. नवरा गेला, इथे कोण आहे तुझं? मला वाटलं, विचारलं तर रडशील. म्हणून नाही विचारलं." तिने चिठ्ठी उचलली, डोळ्यांजवळ नेली. "एक वेळा येऊन विचारायचं नाही, पंचशीला? भांडायचं नाही माझ्याशी?"

पंचशीलाला सांगता आलं असतं की बेन, तुम्हीही विचारलं नाही. पण ते खरं असलं तरी तिला त्यात काही मिळवायचं नव्हतं.

हंसाबेन आवाज खाली आणून म्हणाली, "ऐक. तू परत ये. सोमवारपासून. दोघींना ठेवायला शेठ नाही म्हणतील, पण दिशाला मी समजावीन. लहान आहे, तिला दुसरीकडे मिळेल."

तेवढ्यात दिशा पाणी घेऊन आली. तिच्या दुसऱ्या हातात एक पत्र होतं. "ताई, तुम्ही आलाच आहात तर एक सांगा ना. 'मिळालं' याचं स्पेलिंग. आधी आय का आधी ई? मी रोज चुकते."

"सीच्या पुढे आधी ई," पंचशीला म्हणाली.

दिशाने तिथेच उभ्या उभ्या पेनाने दुरुस्त केलं. तिच्या बोटांना कार्बनची शाई लागली होती. वहिनीला दिवस गेलेत, घरात आता हाच एक पगार नेमाने येतो, असं काहीबाही ती सांगून गेली, विचारलं नसताना.

ती गेल्यावर पंचशीला म्हणाली, "नको, बेन."

"का नको?"

"राहू दे तिला."

नंतर हंसाबेन कुणाकुणाला सांगायची की पंचशीलाचं मन फार मोठं. पंचशीलाला तसं काही वाटलं नव्हतं. दिशाची तिला दयाही आली नव्हती. फक्त त्या खुर्चीकडे बघताना तिला कळलं, की आता कुणालातरी जा म्हणावं लागेल, त्या मुलीचा चेहरा बघावा लागेल, आणि एवढी ताकद आपल्यात नाही. आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी तिने फॉर्मवर नेहमीची इंग्रजी सही केली. जीवनचं पहिलं अक्षर सहीत होतं, ते तसंच ठेवलं. मग पाण्याचा ग्लास संपवून निघाली.

हंसाबेन शिडीपर्यंत आली. "केबिन रोडला उत्तम सरांचा टायपिंग क्लास आहे," ती म्हणाली. "त्यांना शिकवायला बाई पाहिजे. मी आज फोन करते. जाशील ना? नाही जाशील तर मला झोप नाही लागणार."

"जाईन," पंचशीला म्हणाली.

क्लास दोन दुकानांच्या वर होता, अकरा मशीनं. उत्तम सर साठीचे, कानाने अधू, त्यामुळे त्या खडखडाटाचा त्यांना त्रास नव्हता. सकाळी दोन आणि संध्याकाळी तीन बॅचेस. मुलं-मुली सगळ्या भागांतली, मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी, आणि सगळ्यांच्या इंग्रजी चुका एकसारख्या. कुणी माल विकणाऱ्या 'सेलर'चं स्पेलिंग चुकवून त्याचं तळघर करायचा, कुणी अर्जात 'माझे रियल ब्रदर' लिहायचा. पंचशीला लाल पेनाने खूण करायची आणि शेजारी बसून समजावून सांगायची. एका मुलाने विचारलं, "मॅडम, एवढ्या बारीक चुकीने काय होतं? समोरच्याला कळतंच ना?" तिने लाल पेनाचं टोपण लावलं. "कळतं बहुतेक," ती म्हणाली. "तरी नीट लिही."

आणखी एक सवय तिला लागली. शब्द अडला की मुलांना ती म्हणायची, लिहिणाऱ्याकडे जा आणि विचार. मुलं उठायची नाहीत, लाजायची. मग ती त्यांना खुर्चीवरून उठवून पाठवायची. स्वतः मात्र अजून कुठे काही विचारत नव्हती. भाजीवाल्याने पावशेर म्हणून कमी तोललं तरी घेऊन यायची.

असं वर्ष गेलं. पहिल्या वर्षाचं पुण्यानुमोदन झालं, तेव्हाही ती रडली नाही.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात बिल्डिंगचं पाणी आठ दिवस बंद होतं. एक दिवसाआड टँकर यायचा आणि खाली हंडे-बादल्यांची रांग लागायची. त्या सकाळी पंचशीला साडेपाचपासून दोन हंडे लावून उभी होती, शेजारी केसरबाई कळशी घेऊन. तिचा नंबर आला तेव्हा पुढच्या विंगचा महिपत नावाचा माणूस मागून आला. पायाने तिचा हंडा बाजूला सरकवून त्याने आपला ड्रम पाइपाखाली लावला. तो कमिटीत होता. अशा गोष्टी तो नेहमी करायचा आणि लोक कुरकुरून गप्प बसायचे.

"का?" पंचशीला म्हणाली.

महिपतने वळून बघितलं. "काय का?"

"माझा हंडा का सरकवला?"

"अहो, घाई आहे. ड्युटीला जायचंय."

"मलाही जायचंय. इथल्या सगळ्यांना जायचंय. का सरकवला ते सांगा." तिचा आवाज चढत गेला. तो इतका मोठा आहे हे तिलाच माहीत नव्हतं. "मी साडेपाचपासून उभी आहे. मला न विचारता का सरकवला? बाई एकटी आहे म्हणून? हिला कोण नाही म्हणून? सांगा ना, का ते सांगा!"

वरच्या गॅलऱ्यांत माणसं आली. महिपत काहीतरी पुटपुटला आणि ड्रम ओढून मागे गेला. टँकरवाल्याने पाइप तिच्या हंड्यात सोडला. भरलेला हंडा पंचशीलाला उचलवेना. ती तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि रडायला लागली. जोरात, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तशी. रांगेतल्या बायकांना वाटलं पाण्यावरून रडतेय. एकीने पाठीवर हात ठेवला, "जाने दो बहन, मिल गया ना पानी," म्हणाली.

केसरबाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. आपली कळशी भरून घेतली, कडेला ठेवली आणि सुनेशेजारी फरशीवर बसल्या. लुगडं भिजलं तरी बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने पंचशीलाने पदराने तोंड पुसलं.

"चल," केसरबाई म्हणाल्या. "एक हंडा तू घे, कळशी माझ्याकडं दे. दुसऱ्यासाठी तेजूला खाली धाडू. भूक लागली का?"

"लागली," पंचशीला म्हणाली, आणि दोघी जिना चढायला लागल्या.